दशांशचिन्हापुढचे विश्व

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. आपल्याला तत्त्वतः दिसू शकेल अशा विश्वाचा व्यास सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षे, आणि एकच प्रकाशवर्ष म्हणजे जवळपास साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आपल्या एकट्या आकाशगंगेत निदान दहा हजार कोटी तारे. विश्वाविषयीचे कोणतेही सोपे पुस्तक उघडले, की पहिल्या काही पानांतच हे आकडे भेटतात. पहिल्या आकड्याला वाचक थबकतो, दुसऱ्याला मान डोलावतो आणि चौथ्या-पाचव्या आकड्यापर्यंत त्याला कोटी आणि लाख कोटी सारखेच वाटू लागतात.

यात वाचकाचा दोष नाही. इतक्या मोठ्या संख्या मनात मावतच नाहीत. पण त्यांच्याकडे जाणारी दुसरी एक वाट आहे आणि ती मला अधिक विलक्षण वाटते. विश्वाचे हे अवाढव्य आकडे अतिशय चिमुकल्या आकड्यांवर उभे आहेत. अंशाच्या हजारो भागांतला एक भाग, सेकंदाचा अब्जावा भाग, प्रोटॉनच्या व्यासाचा चारशेवा भाग असले काहीतरी कुणीतरी हट्टाने मोजले, म्हणून विश्व आपल्याला उमगत गेले. सापेक्षतेचा इतिहास तर बहुतांशी दशांशचिन्हापुढच्या अंकांचाच इतिहास आहे.

फरक इतका लहान का?

प्रकाश निर्वातात एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. हा आकडा आता मोजावा लागत नाही, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्याच्यावर बेतलेली आहे. या वेगाने एका सेकंदात विषुववृत्तावरून पृथ्वीला साडेसात प्रदक्षिणा होतात. चंद्र सव्वा सेकंदाच्या अंतरावर येतो आणि सूर्य आठ मिनिटे वीस सेकंदांच्या. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१ हे माणसाने पाठवलेले सर्वांत दूरचे यान आहे. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. जवळपास पन्नास वर्षांत त्याने जेवढे अंतर कापले, तेवढे प्रकाश साधारण एका दिवसात कापतो. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजरच्या वेगाने तिथे पोचायला ७५ हजार वर्षे लागतील.

१९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले, की धावते घड्याळ स्थिर घड्याळापेक्षा मंद चालते. किती मंद, हे घड्याळाचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरते. गोम या वर्गात आहे. ताशी ९०० किलोमीटरने उडणारे विमान प्रकाशापेक्षा १२ लाख पट हळू असते. त्या १२ लाखांचा वर्ग केला, की एकावर बारा शून्यांच्याही पलीकडे जातो. केवळ वेगाचा परिणाम धरला, तर विमानात सलग ९० हजार वर्षे बसून राहिलेल्या प्रवाशाचे घड्याळ जेमतेम एक सेकंद मागे पडेल. सापेक्षता आपल्या भोवती क्षणोक्षणी घडत असूनही जाणवत नाही, त्याचे कारण हेच.

बुधाच्या ४३ विकला

वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. म्हणजे पूर्ण वर्तुळात १२,९६,००० विकला. बुध सूर्याभोवती ज्या लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतो, ती कक्षा स्वतःही हळूहळू वळत जाते. उर्बाँ ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञांनी १८५९ मध्ये इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब मांडला, तेव्हा त्यात न बसणारे थोडेसे वळण शिल्लक राहिले. पुढे सायमन न्यूकम यांनी ते अधिक काटेकोर केले. शतकाला ४३ विकला. या गतीने पूर्ण एक फेरी व्हायला ३० लाख वर्षे लागतील. बुधाचे वर्ष ८८ दिवसांचे, तेव्हा त्याच्या एका प्रदक्षिणेत पडणारा फरक विकलेच्या दहाव्या भागाएवढाच.

ल व्हेरिए यांच्या शब्दाला वजन होते. युरेनसच्या गतीतल्या गडबडीवरून त्यांनी नेपच्यूनची जागा गणिताने सांगितली होती आणि १८४६ मध्ये नेपच्यून जवळजवळ तिथेच सापडला होता. म्हणून सूर्य आणि बुध यांच्यामध्येही एक ग्रह असणार असे मानले गेले, त्याला व्हल्कन असे नावही मिळाले आणि कित्येक दशके दुर्बिणी त्याचा माग काढत राहिल्या. तो ग्रह नव्हताच. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे आपल्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताने केलेला बुधाचा हिशेब ठेवला. त्यातून ४३ विकला आपोआप निघाल्या. कोणताही आकडा हाताने जुळवावा लागला नाही. त्या आनंदात आपण काही दिवस भानावर नव्हतो, असे त्यांनी एका मित्राला कळवले. न्यूटन यांचे गुरुत्वाकर्षण सव्वादोनशे वर्षे पडणाऱ्या दगडापासून धूमकेतूपर्यंत सगळीकडे खरे उतरले होते. ते अपुरे असल्याचा पुरावा विकलेच्या दहाव्या भागात दडून बसला होता.

पुढची कसोटीही अशीच बारीक होती. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळेल, असे नवा सिद्धांत सांगत होता. अडीच सेंटीमीटरचे नाणे तीन किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल गावी छायाचित्रे घेत होती. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निष्कर्ष जाहीर झाले आणि आइन्स्टाइन हे नाव जगभर पोचले.

शंभर वर्षांनी, १० एप्रिल २०१९ रोजी, कृष्णविवराचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रात, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे हे कृष्णविवर आहे. हवाई, चिली, मेक्सिको, ॲरिझोना, स्पेन अशा ठिकाणच्या रेडिओ दुर्बिणी अणुघड्याळांनी एका तालात बांधून पृथ्वीएवढी एक दुर्बीण तयार केली गेली, तेव्हा कुठे ते दिसले. त्याच्या भोवतीचे तेजोवलय आकाशात ४२ मायक्रोविकलांचे आहे, म्हणजे एका विकलेचे दहा लाख भाग केले तर त्यातले ४२. जे ६५० कोटी सूर्यांना सामावून बसले आहे, ते आपल्याला दिसले ते इतक्याशा कोनातून.

काळाचा अब्जावा भाग

काळाची गोष्टही कोनासारखीच आहे. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळले, की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतले दोन-सव्वादोन भाग. एवढ्या वेळात खुद्द प्रकाशही ६६० मीटरच जातो. म्यूऑन जन्मतात ते मात्र दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर. ते जमिनीपर्यंत पोचायलाच नकोत. तरीही समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. आत्ता हे वाचताना तुमच्या पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन जात असतील.

याचा अर्थ सांगणाऱ्या पहिल्या लोकांत मुंबईत जन्मलेले होमी भाभा होते. १९३८ मध्ये, केंब्रिजला असताना, त्यांनी दाखवून दिले की वेगाने धावणारा असा कण जास्त काळ टिकलेला दिसायला हवा आणि त्यावरून सापेक्षतेची थेट परीक्षा घेता येईल. १९४१ मध्ये ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मोजमाप करून ते खरे ठरवले. आपल्या दृष्टीने म्यूऑनचे घड्याळ मंद चालते, म्हणून त्याला खाली यायला सवड मिळते. म्यूऑनच्या दृष्टीने आयुष्य तेवढेच असते, वातावरणाची जाडीच आकसलेली असते. दोन्ही हिशेबांचे उत्तर एकच येते.

याच गणिताचे टोक पाहायचे तर १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आकाशात टिपलेला एक कण पाहावा. त्या एकाच कणात सुमारे ५० ज्यूल ऊर्जा होती. तो प्रोटॉन असेल, तर त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा ३० हजार कोटींहून अधिक पटींनी मंद चालत होते. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाला जी ओलांडायला एक लाख वर्षे लागतात, ती त्या कणाच्या स्वतःच्या घड्याळाने दहाएक सेकंदांत ओलांडून होईल.

गुरुत्वाकर्षणही काळावर परिणाम करते. वस्तुमानापासून जितके दूर, तितका काळ भरभर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. तिथले घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा वर्षाला साडेपाच मायक्रोसेकंदांहून थोडे अधिक पुढे जाते. शंभर वर्षांत हा फरक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या थोडा वर जाईल. उलट दिशेला, पृथ्वीच्या केंद्रात काळ पृष्ठभागापेक्षा मंद चालतो. साडेचारशे कोटी वर्षांचा हिशेब केला तर पृथ्वीचे केंद्र तिच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी तरुण आहे.

हे सगळे कागदावरच राहिलेले नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेल आणि रिचर्ड कीटिंग यांनी चार सिझियम घड्याळे प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते, म्हणून दोन दिशांचे उत्तर वेगळे आले आणि दोन्ही उत्तरे सिद्धांताशी जुळली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जिला या संस्थेतील जून ये यांच्या गटाने तर फक्त एक मिलिमीटर उंचीच्या अंतरातला काळाचा फरक मोजून दाखवला.

आपल्या फोनमधल्या नकाशालाही याची गरज पडते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे १४ हजार किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद. प्रकाश तेवढ्यात ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही, तर दर दिवशी साधारण तेवढ्याच अंतराची चूक साचत जाईल. म्हणजे पुण्यात शनिवारवाड्याकडे निघालेल्या रिक्षावाल्यालाही आइन्स्टाइन यांची सोबत असते.

सूर्याला जे जमणार नाही

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. उरलेले कृष्णविवर ६२ सूर्यांचे. मधले तीन सूर्य सेकंदाच्या एका लहानशा भागात ऊर्जा होऊन गेले.

तीन सूर्य म्हणजे किती, याचा हिशेब आपला सूर्यच देतो. तो दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर करतो. या गतीने तीन सूर्यांएवढी ऊर्जा बाहेर टाकायला सुमारे ४५ लाख कोटी वर्षे लागतील. हा काळ विश्वाच्या आजच्या वयाच्या तीन हजार पटींहून अधिक आहे. विलीनीकरणाच्या ऐन क्षणी बाहेर पडणारी शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशशक्तीपेक्षा कित्येक पट होती.

आणि पृथ्वीवर पोचेपर्यंत तिचे काय उरले? लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाने कमी-जास्त झाली. तेही सेकंदाच्या पाचव्या भागापुरते. लिव्हिंग्स्टनमध्ये लहर आधी पोचली, सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डमध्ये. एवढ्या कुजबुजीतून शास्त्रज्ञांनी दोन्ही कृष्णविवरांचे वजन, अंतर आणि टकरीची कथा वाचली. गोंगाटात बुडालेला असा संकेत ओळखण्याच्या पद्धतींचे पायाभूत काम करणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर यांचे नाव ठळक आहे. धक्का बसलेले कृष्णविवर कसे थरथरत शांत होते, याचे गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच केले होते.

१७ ऑगस्ट २०१७ चा आकडा मला सर्वांत थक्क करतो. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांच्या शर्यतीत फरक पडला तो पावणेदोन सेकंदांचा, आणि तोही बहुधा निघण्याच्या वेळेतला. गुरुत्वाकर्षण प्रकाशाच्याच वेगाने प्रवास करते, हे या एका निरीक्षणाने एकावर पंधरा शून्यांत एक भाग इतक्या काटेकोरपणे पक्के झाले.

लाखात एक

विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे हे कुणी सांगितले? त्याचे उत्तरही एका बारीक फरकात आहे. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश, आता उणे २७० अंश सेल्सियसपर्यंत थंडावलेला. कोणत्याही दिशेला पाहा, तापमान सारखेच. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून त्यातला फरक सापडला, तो लाखात एक एवढा. जिथे घनता लाखात एकाने जास्त होती, तिथे पुढे द्रव्य गोळा होत गेले आणि दीर्घिका, तारे, ग्रह घडले. तो फरक नसता तर आपणही नसतो. तापमानातल्या या फरकांच्या चट्ट्यांच्या आकाराचा अभ्यास करून, विशेषतः प्लँक उपग्रहाच्या नकाशांवरून, १३८० कोटींचा आकडा दोन-तीन कोटी वर्षांच्या चूकभुलीसह ठरला.

हिशेब पुरा झालेला नाही. विश्व किती वेगाने प्रसरण पावते आहे हे या प्राचीन प्रकाशावरून काढले, तर दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येते. ताऱ्यांच्या आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या अंतरांवरून काढले, तर सुमारे ७३ येते. मोजमापे सुधारत गेली तरी हे दोन आकडे जुळत नाहीत. मोजणीत कुठे चूक लपली आहे की आपल्या सिद्धांतातच काही कमी आहे, यावर जगभर काम चालू आहे. बुधाच्या ४३ विकलांचे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे, तो असल्या फरकाकडे किरकोळ म्हणून पाहणार नाही.

या कामात महाराष्ट्राच्या मातीचा वाटा आहे. नारायणगावजवळ खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी स्पंदक ताऱ्यांची टिकटिक ऐकतात. अशा टिकटिकीतल्या बारीक फरकांवरूनच वर्षानुवर्षे चालणाऱ्या, एकेक हेलकावा कित्येक वर्षांचा असणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा सुगावा २०२३ मध्ये लागला, त्यात युरोपीय नोंदींबरोबर इथल्या नोंदीही होत्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेपासून दूर असलेल्या या वेधशाळेमुळे लहर कुठे किती मिलिसेकंदांनी पोचली, यावरून तिचा उगम आकाशात कुठे आहे ते कितीतरी नेमके सांगता येईल.

त्या नळ्यांजवळ काम करायला उद्या मराठवाड्यातली मुले-मुली लागणार आहेत. त्यांना सूर्यमालेचे आकडे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. त्यांच्या हाती मोजपट्टी, थांबघड्याळ आणि वही द्या. एकच गोष्ट दहा वेळा मोजायला लावा आणि दहा उत्तरांत फरक का पडला, हे शोधायला शिकवा. प्रयोगवहीत उत्तर जुळवण्यासाठी खोडलेला तिसरा दशांश अंक पुन्हा लिहायला सांगा. विज्ञान तिथून सुरू होते.